गाडी कूलंट खाते, पण गळती दिसत नाही : कारण शोधण्याची पद्धत

मोटारीच्या इंजिनाला थंड ठेवणारी व्यवस्था ही बंद व्यवस्था आहे. तीत भरलेले कूलंट पेट्रोलसारखे खर्च होत नाही. म्हणून बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतील पातळी दर दोन-तीन आठवड्यांनी खाली जात असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडतच आहे, असे धरून चालावे. ‘गाडी जुनी झाली की थोडे पाणी खातेच’ हे उत्तर वारंवार ऐकायला मिळते, परंतु ते स्वीकारू नये. जुन्या गाडीतूनही कूलंट जाण्याच्या वाटा मोजक्याच असतात: एखाद्या सांध्यातून बाहेर, झाकणातून वाफ होऊन, सिलिंडरमध्ये शिरून सायलेन्सरवाटे, किंवा इंजिन ऑइलमध्ये मिसळून. यांपैकी नेमकी वाट कोणती, हे पुराव्यानिशी ठरेपर्यंत कोणालाही हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उघडू देऊ नये.

शोधाची सुरुवात ‘कूलंट कुठून जाते’ यापेक्षा ‘कधी जाते’ या प्रश्नाने करणे अधिक उपयोगाचे ठरते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पातळी उतरत असेल, तर थंडीत आकसणाऱ्या सांध्यांकडे पाहावे लागते. कसारा घाट चढून इगतपुरीला पोहोचल्यावरच उतरत असेल, तर पूर्ण दाब आणि पूर्ण भार आल्यावर उघडणाऱ्या फटीचा संशय घ्यावा लागतो. आणि नाशिकच्या द्वारका चौकातील कोंडीत पंखा सतत फिरत राहिल्यानंतर उतरत असेल, तर झाकण, पंखा आणि रेडिएटरची जाळी यांच्यापासून आरंभ करावा लागतो. ही माहिती गाडीच्या मालकाकडेच असू शकते. मेकॅनिकसमोर गाडी अर्धा तास उभी असते, आणि त्या अर्ध्या तासात दोष बहुधा दिसत नाही.

आधी सुरक्षिततेविषयी. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे किंवा कूलंटच्या बाटलीचे झाकण कधीही उघडू नये. आत शंभर अंशांच्या पुढचे द्रव दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच ते उसळून हातावर-तोंडावर येते. इंजिन पूर्ण निवेपर्यंत, म्हणजे किमान दोन-तीन तास, थांबावे; सकाळी गाडी सुरू करण्याआधीची वेळ सर्वांत चांगली. दुसरे असे की कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोडसर लागते, त्यामुळे सांडलेले कूलंट लहान मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या वाटेत राहू देऊ नये. काढलेले जुने कूलंट पावसाळी गटारात ओतू नये. नाशिकमध्ये ते अखेर नासर्डीत किंवा गोदावरीतच जाते.

मोजमाप

पातळी नेहमी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना आणि शक्यतो एकाच वेळी पाहावी. गरम इंजिनात कूलंट प्रसरण पावते, त्यामुळे संध्याकाळी गाडी लावल्याबरोबर पाहिलेली पातळी आणि सकाळची पातळी यांत फरक पडणारच. तो फरक म्हणजे गळती नव्हे. बाटलीवर बारीक चिकटपट्टी लावून सकाळची पातळी खुणावी, आणि भर घालायची वेळ आली तर औषधाच्या मापाने किंवा खुणा असलेल्या पेल्याने मोजून घालावी. ‘थोडेसे टाकले’ या नोंदीतून काहीही सिद्ध होत नाही. ‘४०० किलोमीटरमध्ये १५० मिलीलिटर, त्यांपैकी निम्म्याहून अधिक त्र्यंबकेश्वरला जाऊन आल्यावर’ अशी नोंद मात्र अर्धे निदान करून ठेवते.

मोजण्यापूर्वी आपल्या गाडीची बाटली कोणत्या प्रकारची आहे, ते ओळखून घ्यावे. काही गाड्यांमध्ये दाब धरणारे झाकण थेट रेडिएटरवर असते आणि बाजूची बाटली बिनदाबाची असते. इंजिन तापले की जास्तीचे कूलंट तिच्यात येते आणि निवले की परत ओढले जाते. इतर अनेक गाड्यांमध्ये बाटलीच दाबाखाली असते आणि तिचेच झाकण दाब धरते. पहिल्या प्रकारात एक फसगत होते: झाकणातील परत ओढणारी छोटी झडप अडकली, किंवा बाटलीकडे जाणाऱ्या बारीक नळीला चीर गेली, तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. म्हणून अशा गाडीत थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडून आतली पातळी प्रत्यक्ष पाहणे आवश्यक आहे.

नुकतेच कूलंट बदलले असेल, तर पहिल्या काही दिवसांत पातळी थोडी उतरणे स्वाभाविक असते, कारण आत अडकलेली हवा हळूहळू बाहेर पडते. ही घट दोन-तीन वेळा गाडी पूर्ण तापून निवल्यावर थांबली पाहिजे. वर्षभरात काही मिलिमीटर उतरले, तरी चिंता नाही. परंतु बाटलीवरील वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंतचे अंतर दोन महिन्यांत पार होत असेल, तर शोध घेणे टाळू नये.

जमिनीवर डाग नाही, म्हणजे गळती नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. एक थेंब साधारण ०.०५ मिलीलिटरचा धरला आणि मिनिटाला एकच थेंब पडतो असे मानले, तर तासाला सुमारे ३ मिलीलिटर जाते. रोज तासभर गाडी चालवणाऱ्याचे महिन्याला सुमारे ९० मिलीलिटर कूलंट अशा रीतीने जाईल, आणि तो थेंब गरम इंजिनावर पडत असल्याने त्यातील पाणी जागीच उडून जाईल. मागे उरते ती कूलंटच्या रंगाची किंवा पांढुरकी खपली. तीच शोधायची असते.

झाकण : स्वस्त भाग, मोठे काम

झाकणावर एक आकडा छापलेला असतो, बहुधा ०.९ ते १.४ बारच्या दरम्यानचा. तो दाब येईपर्यंत झाकण बंद राहते आणि त्या दाबामुळे आतील द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. येथे उघड्या भांड्यातले साधे पाणी सुमारे ९८ अंश सेल्सियसला उकळते. १.१ बारचे झाकण नीट काम करत असेल, तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत टिकते, आणि योग्य प्रमाणातले कूलंट त्याहूनही पुढे. अनेक इंजिनांचे रोजचे तापमान ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. म्हणजेच झाकणाचे रबर कडक झाले, आणि त्यातच मालकाने महिनोन्‌महिने नळाच्या पाण्याने भर घालून कूलंट पातळ केलेले असेल, तर इंजिनात दुसरा कोणताही दोष नसताना आतले पाणी उकळू लागते व वाफेवाटे निघून जाते. गाडी जास्त तापल्याचे चालकाच्या लक्षात येईलच असे नाही, कारण पुष्कळ गाड्यांमधील तापमानाचा काटा मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. खरे तापमान पाहायचे असेल, तर ओबीडी जोडणीत (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याच्या जोडणीत) लावायचे छोटे उपकरण आणि मोबाइलवरील ॲप यांचा उपयोग करावा.

झाकणाचे रबर चिरलेले, चपटे झालेले किंवा खपलीने भरलेले आहे का, ते पाहावे. बाटलीच्या मानेभोवती, बॉनेटच्या आतल्या बाजूला आणि शेजारच्या पत्र्यावर उडालेल्या कूलंटचे सुकलेले शिंतोडे असतील, तर झाकण लवकर दाब सोडत आहे, किंवा आत दाब प्रमाणाबाहेर वाढत आहे. इंजिन निवल्यावर वरचा होस पाइप चपटा होऊन आत ओढला जात असेल, तर परतीची झडप काम करत नाही. झाकण बदलायचे ठरल्यास त्याच दाबाचे घ्यावे. ‘जास्त दाबाचे चांगले’ हा समज जुन्या पाइपांना आणि रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्यांना महागात पडतो. नवे झाकण बसवल्यावरही मोजणी सुरूच ठेवावी, कारण आत दाब वाढवणारे कारण वेगळे असेल, तर नवे झाकणही पाणी उडवू लागते.

बाहेरील गळती

चांगली विजेरी आणि छोटा आरसा घेऊन, थंड इंजिनावर, वरून खाली पाहत यावे. होस पाइपांची टोके आणि त्यांवरील क्लिपा, रेडिएटरची जाळी आणि प्लास्टिक टाकी जिथे जोडलेली असते ती कड, थर्मोस्टॅटचे घर, थ्रॉटल बॉडीकडे जाणारे बारीक पाइप आणि टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोचे कूलंट पाइप एकेक करून तपासावेत. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक लहान छिद्र असते; आतले सील झिजले की पाणी तेथून पाझरते आणि छिद्राखाली रंगीत ओघळ वाळलेला दिसतो. पंप पट्ट्याच्या आवरणामागे असेल, तर हा ओघळ आवरण काढल्याशिवाय दिसत नाही. इंजिन ब्लॉकला बाहेरून ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या बुचांकडेही पाहावे; वर्षानुवर्षे साधे पाणी वापरलेल्या इंजिनात ती आतून गंजतात.

हिवाळ्यातील गळतीचा स्वतंत्र विचार करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांखाली उतरतो आणि निफाडकडे त्याहून बराच खाली जातो. अशा पहाटे रबर, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, क्लिपांची पकड सैल पडते आणि थंड असतानाच दोन-चार थेंब पडतात; गाडी तापली की सर्व भाग प्रसरण पावून तीच फट बंद होते. दुपारी कार्यशाळेत नेलेली अशी गाडी निर्दोष ठरते. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवावा आणि सकाळी डाग कोणत्या भागाखाली आहे ते पाहावे. एसीचे टपकणारे पाणी स्वच्छ असते आणि बोटाला चिकट लागत नाही. कूलंट रंगीत आणि किंचित निसरडे असते.

सीएनजी किट बसवलेल्या गाड्या नाशिकमध्ये पुष्कळ आहेत आणि त्यांच्या बाबतीत एक जागा हमखास विसरली जाते. गॅसचा दाब उतरवणारा भाग, म्हणजे रेड्युसर, ते काम करताना थंड पडतो. तो गोठू नये म्हणून इंजिनाचे गरम कूलंट त्यातून फिरवलेले असते. किट बाहेरून बसवले असेल, तर मूळ होस पाइप कापून त्यात टी-जोड घातलेले असतात, म्हणजे क्लिपांचे नवे सांधे निर्माण झालेले असतात, आणि पाणी पाझरते ते बहुतेक वेळा तेथेच. क्वचित रेड्युसरच्या आतील सील किंवा पडदा फाटतो. मग गॅस कूलंटमध्ये शिरतो आणि बाटलीत बुडबुडे येऊ लागतात, जे पाहून हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांमधील सील) गेल्याचा निष्कर्ष घाईने काढला जातो. गाडी पेट्रोलवर चालवली की बुडबुडे थांबतात आणि गॅसवर आणली की पुन्हा येतात का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. गॅसवरच बुडबुडे येत असतील, तर गॅसचा पुरवठा बंद करून गाडी सीएनजीच्या अधिकृत तंत्रज्ञाकडेच न्यावी आणि बाटलीजवळ ज्योत किंवा ठिणगी येऊ देऊ नये.

हीटरची जाळी डॅशबोर्डच्या आत असते. तिची गळती बाहेर कुठेही दिसत नाही. पायाखालचा गालिचा ओलसर लागतो, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके बसते आणि हीटर लावल्यावर गोडसर वास येतो. गालिचा उचलून खालचा फोम हाताने दाबून पाहावा.

दाबाची चाचणी

नजरेने काही सापडले नाही, तर या चाचणीला पर्याय नाही, आणि ती न करता पाच हजारांचा भाग बदलणाऱ्यापेक्षा ती आधी करणाऱ्याकडे गाडी न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यात झाकणाच्या जागी दाबमापक असलेला हातपंप बसवून थंड इंजिनात झाकणावरील आकड्याइतका दाब भरतात. त्याहून अधिक भरू नये. मग इंजिन बंद ठेवून वीस मिनिटे थांबावे. काटा स्थिर राहिला, तर व्यवस्था निदान थंड अवस्थेत घट्ट आहे. काटा उतरला आणि बाहेर थेंब दिसला, तर शोध संपला. काटा उतरला आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर कूलंट गाडीच्या आत किंवा इंजिनाच्या आत जात आहे. अशा वेळी गालिचा पुन्हा तपासावा, आणि पेट्रोल इंजिनात दाब तसाच ठेवून स्पार्क प्लग काढून छिद्रातून छोटा कॅमेरा घालावा. एखाद्या पिस्टनच्या माथ्यावर ओल दिसली, किंवा इतरांचे माथे काळे असताना एकच धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर कूलंट तेथेच शिरत आहे.

याच उपकरणाचा दुसरा उपयोग फारसा केला जात नाही. थंड इंजिनावर उपकरण जोडून, थोडासाच दाब भरून, इंजिन सुरू करावे. कूलंट तापून दाब वाढायला काही मिनिटे लागतात. पण काटा पहिल्याच मिनिटात झपाट्याने चढू लागला, तर सिलिंडरमधील ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये घुसत आहे. दाब झाकणावरील आकड्यापर्यंत पोहोचण्याआधीच इंजिन बंद करावे. उपकरण नसेल, तर हीच गोष्ट हाताने अजमावता येते: सकाळी गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, पाइप अजून थंड असतानाच, वरचा होस टणक झाला तर ते वाईट लक्षण आहे.

थंड चाचणीत काटा हलला नाही आणि कूलंट मात्र कमी होतच आहे, असेही घडते. त्या वेळी अतिनील प्रकाशात चमकणारा, कूलंटसाठीच बनवलेला रंग व्यवस्थेत घालून आठ-दहा दिवस नेहमीसारखी गाडी चालवावी, एकदा घाटातूनही न्यावी, आणि मग अंधारात अतिनील विजेरीने इंजिन पाहावे. केवळ भाराखाली उघडणारी बारीक फट या पद्धतीने सापडते.

इंजिनाच्या आत

पांढरा धूर हे सर्वांत जास्त गैरसमज निर्माण करणारे लक्षण आहे. हिवाळ्याच्या सकाळी प्रत्येक गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते आणि सायलेन्सर तापला की ती थांबते. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावरही ती येतच राहिली, तरच तिला अर्थ आहे. तेलाच्या झाकणाखालची दुधाळ साय हीसुद्धा अशीच. नाशिकमध्येच इंदिरानगर ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) एवढ्याच लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे तेल पुरेसे तापत नाही आणि हवेतील ओलावा झाकणाखाली साठतो. डिपस्टिकवरील तेलच कॉफीच्या रंगाचे झाले असेल किंवा तेलाची पातळी आपोआप वाढली असेल, तर मात्र इंजिन पुन्हा सुरू करू नये, कारण पाणी मिसळलेले तेल बेअरिंगांचे रक्षण करत नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका सिलिंडरवर अडखळत सुरू होऊन थोड्या वेळाने सुरळीत होत असेल, तर रात्रीत कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत आहे. स्टार्टर अडून इंजिन फिरेनासे झाले, तर पुन्हा पुन्हा चावी फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी साठलेले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड गॅस्केटविषयीचा संशय पक्का करण्यासाठी निळ्या द्रवाची चाचणी करतात. बाटलीच्या तोंडावर काचेची नळी बसवून कूलंटवरची हवा त्या द्रवातून ओढली जाते. तीत कार्बन डायऑक्साइड असेल, तर निळा रंग पिवळा होतो. चाचणीआधी कूलंटची पातळी थोडी कमी करावी, नाही तर कूलंटच नळीत ओढले जाऊन चाचणी निरर्थक ठरते. रंग बदलला, तर निष्कर्ष भरवशाचा असतो. रंग बदलला नाही, तर गॅस्केट ठीक आहे असे मात्र लगेच म्हणू नये, विशेषतः डिझेल इंजिनात, कारण उभ्या गाडीत डिझेलच्या धुरातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कमी असते. गाडी भाराखाली चालवून आणल्यावर चाचणी पुन्हा करावी.

डिझेल गाडीत हेड उघडण्यापूर्वी ईजीआर कूलर तपासलाच पाहिजे. धुराला थंड करणाऱ्या या भागात एका बाजूला धूर आणि दुसऱ्या बाजूला कूलंट असते. मधली भिंत चिरली की कूलंट थेट धुरात जाते, पांढरी वाफ निघते, बाहेर थेंब दिसत नाही आणि सर्व लक्षणे हेड गॅस्केटसारखीच भासतात. तो काढून वेगळा दाबाखाली तपासता येतो. आत कोरड्या काजळीऐवजी ओलसर, चिकट काजळी दिसली, तर दोष तेथेच आहे. बाटलीत कूलंटवर तेलाचा थर दिसला, तर ऑइल कूलरकडे, म्हणजे कूलंटने इंजिन ऑइल थंड करणाऱ्या भागाकडे, पाहावे.

हेड उघडावेच लागले, तर केवळ गॅस्केट बदलून ते पुन्हा बसवू देऊ नये. ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकलेले असू शकते. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्या) यांनी त्याची सपाटी मोजावी, चीर आहे का ते दाबाखाली पाहावे आणि गरज असल्यास फेसिंग करून, म्हणजे यंत्रावर पृष्ठभाग सपाट करून, घ्यावे. इंजिनाचे असे यंत्रकाम करून देणाऱ्या कार्यशाळेतून मोजमाप लेखी मागावे. हेडचे बोल्ट पुन्हा वापरता येतात की नवे लागतात, हे गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावे.

दोष सापडेपर्यंत भर घालण्यासाठी बोअरचे पाणी वापरू नये. या भागातील बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. डिस्टिल्ड वॉटर आणि पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट सांगितलेल्या प्रमाणात मिसळून जवळ ठेवावे. निव्वळ रंग पाहून कूलंट निवडू नये, कारण एकाच रंगाची रसायने वेगवेगळी असू शकतात. गळती बुजवणारी पूड किंवा द्रव टाकणे टाळावे. ते हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्याही बुजवते आणि पुढच्या तपासणीत गोंधळ निर्माण करते.

दुरुस्तीनंतर व्यवस्था भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत सावकाश भरावे, आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. मग चिकटपट्टीची खूण नव्याने लावून ज्या रस्त्यावर पूर्वी पातळी उतरत होती, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच भाराने गाडी न्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर मोजावे. पातळी महिनाभर त्याच खुणेवर राहिली, तरच दोष दूर झाला असे मानावे.